तिसऱ्या चाकाचं ग्रीज

किह्नू बेट, १४ जून

प्रिय लेइदा,

तुझ्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. ती मी शांत डोक्याने, सगळी भांडी घासून झाल्यावर, पुरावा समोर टेबलावर ठेवून लिहीत आहे. माझी लाकडी पळी बाटली. जुनिपरच्या लाकडाची, हातभर दांड्याची, सासूबाईंनी मला या घरात पहिल्या दिवशी सोपवलेली पळी. सासूबाईंनी दुसरं काही सोपवलं नाही, तेव्हा तिची किंमत तूच लाव. आज पाच दिवस झाले, या घरात कोबीच्या सूपला ग्रीजचा वास येतो. मी ती सोड्याने घासली, राखेने घासली, उन्हात ठेवली, दोरी बांधून एक रात्र समुद्रात बुडवून ठेवली. उपयोग शून्य. आर्वो परवा बोटीवरून घरी आला, पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाला, "छान झालंय गं हेल्मी. गिअर एकदम सुरळीत पडतायत." अशा माणसाबरोबर मी सव्वीस वर्षं काढली आहेत. तर या नुकसानीला जबाबदार तुझी आई, आणि तुझ्या आईच्या मागे तू. कशी ते सांगायला जरा वेळ लागेल. नऊ वर्षांत नाताळच्या दोन ओळींच्या कार्डापलीकडे मी तुला काही लिहिलेलं नाही हे मला ठाऊक आहे, पण पळीचं प्रकरण कार्डावर मावण्यासारखं नाही.

सुरुवात तुझ्या आईच्या, आमच्या रूसीमावशीच्या, कानांपासून. पार्नूच्या इस्पितळातून पत्र आलं की यंत्र तयार आहे, नऊ जूनला साडेअकराला येऊन बसवून घ्या. आपल्याला ऐकू येत नाही हे रूसीमावशीने कबूल करूनच जेमतेम चार वर्षं झाली. तेही असं, की तुझा मावसभाऊ ट्रॅक्टर घेऊन तिच्या अंगणात शिरला, मागे उभा राहून भोंगा वाजवत बसला आणि ही कोंबड्यांना दाणे टाकत त्याच्या अगदी पुढ्यातून शांतपणे निघून गेली. तोवर आम्ही सगळे समजत होतो की बाई हेकट आहे, हाक मारली की मुद्दाम वळत नाही. हेकट आहेच. पण बहिरीही आहे, आणि ते तिने किती वर्षं आमच्यापासून झाकून ठेवलं होतं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता पार्नूला न्यायची कुणी? आर्वो समुद्रावर, तुझा मावसभाऊ मासेमारीत, आणि बसमध्ये ती बसायला तयार नाही. "बसमध्ये पोटात ढवळतं," म्हणाली. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मावशी, तू आयुष्यात एकदाच बसमध्ये बसली आहेस. तिने वाचलं आणि म्हणाली, "एकदा ढवळलं तेवढं पुरे." चौऱ्याऐंशी वर्षांची बाई; एकोणिसाव्या वर्षापासून एकतर मोटारसायकल चालवत आली किंवा साइडकारमध्ये बसून दुसऱ्या कुणाला शिव्या देत आली. शेवटी आमची निळी, साइडकारवाली मोटारसायकल काढली. हो, तीच. तू शेवटचा हात लावलेली. त्यानंतर तिला हात लावला तो आर्वोने, त्यामुळे समजून जा. सकाळी मावशी आमच्या स्वयंपाकघरात आली, खुंटीवरची माझी पळी उचलली आणि साइडकारमध्ये जाऊन बसली. चार घेराचे स्कर्ट, त्यावर इस्त्रीचा एप्रन, मांडीवर माझी पळी, पहारेकऱ्याच्या बंदुकीसारखी आडवी. मी हातवारे करून विचारलं, ही कशाला? तिने मान हलवली. ही मान हलवणं म्हणजे हो की नाही की गप्प बस, हे या बेटावर कुणालाच कधी कळलेलं नाही.

बेटावर निळी शहाणी असते. सात किलोमीटरांत ती करून करून किती नखरे करणार? चाळीसच्या वर आपण जात नाही, दुकान, चर्च, धक्का, संपली दुनिया. पण फेरीबोटीतून उतरून मुख्य भूमीवरच्या सरळ रस्त्याला लागलो, मी साठपर्यंत नेली आणि बाईसाहेबांनी तोंड उघडलं. आधी नुसतं टिंग टिंग टिंग. थांबले, खाली उतरून पाहिलं, तर मावशीच्या पायाशी इनॅमलचा डबा, त्यात उकडलेली अंडी. डबा तिच्या मांडीवर दिला. पुन्हा निघालो. मग खालून एक घुमणारा आवाज सुरू झाला, एखादी गाय दूर कुठेतरी पोट दुखत असल्यासारखी हंबरत असावी तसा. पन्नासला ऊंऽऽ, साठला ऊंऽऽऽऽ, आणि वळणावर तर त्यात अशी एक खरखर मिसळायची की माझ्या दातांपर्यंत पोचावी.

तू नसल्याची मला त्या क्षणी किती चीड आली म्हणून सांगू. नऊ वर्षं तू तिकडे तुर्कूच्या आगारात फिनलंडच्या बस बऱ्या करतेस, आणि इथे आख्ख्या बेटाच्या मोटारसायकली कण्हत फिरतात. पण तू शिकवलेलं काही मी अगदीच विसरले नव्हते. क्लच दाबला, इंजिन मोकळं सोडलं, गाडी आपल्या वेगाने जाऊ दिली. आवाज तसाच. म्हणजे इंजिन नव्हे. इथपर्यंत मी हुशार. पुढे हुशारी संपली आणि मी ठरवलं की चेन सैल झाली असणार, कारण चेन घट्ट करणं एवढंच मला येतं. रस्त्याकडेला थांबून घट्ट केली. पुन्हा निघालो तर गाय तीच, आता जरा जास्त दुःखी.

ऑद्रू गावाच्या अलीकडे एक शेतकरी ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला. चाळिशीचा, लाल मानेचा, ऊर्मस नावाचा. भला माणूस. वाटेत बाईची गाडी बंद दिसली की पुरुषाच्या चेहऱ्यावर जी एक धार्मिक शांतता पसरते, ती त्याच्याही चेहऱ्यावर पसरली. गाडी चालू आहे की बंद, आवाज कसला येतो, कधी येतो, काही न विचारता म्हणाला, "कार्ब्युरेटर आहे, काकू." मी म्हटलं, इंजिन मोकळं सोडलं तरी आवाज येतो. तो म्हणाला, "मग तर नक्कीच कार्ब्युरेटर." मी म्हटलं, अरे बाबा, मग तुझ्या बैलाला खोकला झाला तरी कार्ब्युरेटरच म्हणशील. तो जरा लाजला, पण हटला नाही. गाडी ट्रॉलीवर चढवून पार्नूला नेऊ म्हणाला. दहा वाजून गेले होते. साडेअकराची वेळ चुकली असती तर पुढची तारीख ऑक्टोबरची.

इतका वेळ तुझी आई साइडकारमध्ये अंडं सोलत होती. आमचे ओठ हलताना बघत होती. मग अंडं संपवलं, टरफलं नीट डब्यात ठेवली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "मूर्ख. मागे काय शोधतेस? माझ्या बुडाखाली आहे. मघापासून गुदगुल्या होतायत." ऊर्मस खोकला. "डावीकडे वळलीस की जास्त," ती म्हणाली, "उजवीकडे वळलीस की गप्प. डावीकडे वळताना भार कुणावर येतो? माझ्यावर. माझ्या चाकावर." आणि खाली उतरून तिने ऊर्मसला, त्या आडदांड परक्या माणसाला, एप्रन फडकावून हाताखाली घेतलं. "ए, लाल मानेच्या, उचल." त्याने मुकाट्याने साइडकार उचलून धरली, मी खाली दगड सारला, चाक हाताने फिरवलं. मावशी गवतात गुडघ्यावर बसली, माझ्या पळीचं टोक चाकाच्या मधल्या तुंब्यावर टेकवलं आणि दांडा कानात नाही, कानामागच्या हाडाला लावला. डोळे मिटले.

लेइदा, तू अशीच बसायचीस. हुबेहूब, डोळे मिटून, खालचा ओठ दातात धरून. लहानपणापासून आम्ही समजायचो की ही तुमच्या घराण्याची विद्या आहे, आईने मुलीला दिलेली. पळी लावायची आणि लोखंडाच्या पोटातलं ऐकायचं. त्या गवतात मला पहिल्यांदा कळलं की ती विद्या नव्हती. कानातून काही येत नव्हतं म्हणून ती हाडातून ऐकत होती. तुला शिकवलं तेव्हाच तिचे कान जायला लागले असले पाहिजेत. तू ती तिची पद्धत समजलीस. ती तिची गरज होती.

"बेअरिंग," ती डोळे न उघडता म्हणाली. "तुटलेलं नाही. कोरडं. किती वर्षं कोरडं ठेवलंयस गं?"

किती वर्षं ते मला बरोबर माहीत होतं, आणि तुलाही माहीत आहे. पण आधी पळीचं संपवते. ऊर्मसच्या ट्रॅक्टरवर ग्रीजचा डबा होता. चाक काढलं, तुंब्याचं झाकण उघडलं, आत तपकिरी भुशासारखं काहीतरी उरलं होतं. तुझ्या आईने माझी पळी डब्यात बुडवली आणि लापशी वाढावी तसं घसघशीत ग्रीज बेअरिंगमध्ये भरलं, दांड्याने दाबलं, वरून आणखी वाढलं. मी ओरडले, "मावशी, माझी पळी!" तिला अर्थातच ऐकू आलं नाही. अकराला आम्ही पुन्हा रस्त्यावर. निळी पाण्यावरून चालल्यासारखी चालत होती. ऊर्मसला मी निघताना दोन अंडी दिली आणि त्याने ती टोपी काढून घेतली. त्याच्या तोंडून शेवटचं वाक्य आलं, "पण काकू, कार्ब्युरेटर एकदा बघून घ्या."

इस्पितळात यंत्र बसवणारी मुलगी गोड होती. बटण दाबलं आणि मावशी एकदम ताठ झाली. आधी छताकडे बघितलं, तिथे पंखा होता. मग खाली, स्वतःचा स्कर्ट हाताने चोळून पाहिला, पुन्हा चोळला, जणू कापडात उंदीर आहे. मी म्हटलं, "मावशी, येतंय का ऐकू?" ती माझ्याकडे वळली. "हा तुझा आवाज?" म्हणाली. "मला वाटायचं, इतकं बोलते तर जरा बरा असेल."

परत येताना फेरीला तासभर अवकाश होता. आम्ही मुनालाइच्या धक्क्यावर गाडी उभी करून बसलो, ती साइडकारमध्ये, मी पेट्रोलच्या टाकीला टेकून. ऊन होतं, सीगल ओरडत होते, आणि ती दर ओरडण्याला दचकत होती, मग हसत होती. मी मनात म्हटलं, चला, दिवस चांगला गेला. तेवढ्यात ती म्हणाली, "हेल्मी, मारेटच्या लग्नात तू काय गायली होतीस?"

मी कळून न कळल्यासारखं केलं. किती लग्नांत गाते मी, म्हटलं. म्हणाली, "एकाच लग्नानंतर माझी मुलगी गेली." मी म्हटलं, फेरी आली वाटतं. ती म्हणाली, "फेरी पाऊण तासाने आहे, मी आत्ताच ऐकलं, त्या बाईने भोंग्यावर सांगितलं. आता मला सगळं ऐकू येतं. गा."

तुला काय सांगायचं ते. तरी सांगते, कारण ते मी कधी मोठ्याने म्हटलेलं नाही. मारेट माझी भाची, म्हणून मी नवरीकडच्या बायकांची पुढारीण, तू नवऱ्याकडची. समोरासमोरच्या टेबलांवरून एकमेकींना टोमणे गाण्यात घालायचे, समोरच्यांनी उठून त्याच चालीत परतवायचे, ही आपली रीत, आणि त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असा माझा समज. त्याच दिवशी सकाळी निळी सुरू होईना. वरात खोळंबली होती. तू लग्नाच्या कपड्यांत चिखलात आडवी पडलीस, हीच पळी लावून ऐकलंस, अर्ध्या तासात गाडी चालू केलीस आणि म्हणालीस, "साइडकारचं बेअरिंग कोरडं पडायला लागलंय, हेल्मी. शरदाच्या आत ग्रीज भरायला हवं. तू मला हातमोजे दे, मी भरून देते. आधी मोजे, मग बेअरिंग." आपण दोघी हसलो. आणि संध्याकाळी, चार पेले बिअर पोटात गेल्यावर, तीनशे माणसांसमोर मी उठून गायले. तेच मी नऊ तारखेला धक्क्यावर गायले, टाकीला टेकून, हळू आवाजात:

कान लावते लेइदा गं, गाडीच्या पोटाला,
एप्रन नाही बांधायला तिच्या गं कमरेला;
घरात नाही बोलणारं तिच्याशी गं कुणी,
म्हणून ऐकत बसते बाई इंजिनाची गाणी.

एप्रन लग्न झाल्यावरच कमरेला चढतो, म्हणून लग्न न झालेल्या बाईच्या कमरेकडे आपल्याकडे कुणी बोट दाखवत नाही. एप्रन असो वा नसो, त्यावर गायचं नाही, हे विशीतल्या पोरींनाही कळतं. मला कळत होतं. कडवं जुळत होतं म्हणून गायले. यमक सापडलं की माझी अक्कल बाहेर जाऊन उभी राहते. सगळा मांडव हसला. तुमच्या टेबलाची पाळी होती. सगळे तुझ्याकडे बघत होते, की आता लेइदा उठेल आणि हेल्मीची सालं काढेल. तू उठलीस आणि बाहेर गेलीस. सप्टेंबरात तू तुर्कूला. मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आले की तिकडे पगार चांगला आहे.

माझं गाणं संपलं. मावशीने एप्रनची एक चुणी बोटांत धरून ती टोकापर्यंत सरळ केली, मग दुसरी. मला वाटलं, आता पळी डोक्यात बसते. शेवटी म्हणाली, "चाल बरी आहे." मग तिसरी चुणी सरळ करून, "मी पण हसले होते."

हे सांगायला मी हे पत्र लिहायला घेतलं, लेइदा, आणि बघ, पळी आणि गाय आणि ऊर्मस करत किती लांबून आले. तुझी आई त्या दिवशी तुझ्यासमोरच, नवऱ्याकडच्या टेबलाशी बसली होती. तिला माझं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. आजूबाजूचे हसले म्हणून ती हसली. बहिरेपण लपवणारी माणसं तेच करतात, बाकीचे हसले की हसतात, बाकीचे उठले की उठतात. "ती माझ्याकडे बघत होती," ती म्हणाली. "मी हसतेय आणि ती माझ्याकडे बघतेय. मला वाटलं, तिलाही मजा येतेय." मग यंत्र कानातून काढलं, बंद केलं, डबीत ठेवलं आणि फेरी येईपर्यंत समुद्राकडे बघत राहिली. ते अजून डबीतच आहे. मी काल विचारायला गेले, तर तिने पाटी पुढे केली. मी लिहिलं, घालत का नाहीस? म्हणाली, सेल संपतील, लेइदा येईल तेव्हा लागतील. मी लिहिलं, दुकानात सेल ढिगाने मिळतात. तिने मान हलवली. ते हलवणं काय होतं ते या वेळी मला कळलं. माझ्यावर तू हवा तेवढा राग धर, तो माझा आहे, मी तो सांभाळेन. आणि परतवायचं कडवं तुझ्याकडे शिल्लक आहे. हव्या त्या लग्नात, हव्या तेवढ्या माणसांसमोर गा, मी उभी राहून ऐकेन. पण तिच्या हसण्याचा राग धरू नकोस. तिने काही ऐकलंच नव्हतं.

सोबतच्या पार्सलात पळी आहे. सूपाच्या कामाची ती आता राहिली नाही. तिच्या दांड्याला गुंडाळलेले हातमोजे आहेत. डाव्या हाताचा मी त्याच वर्षी, लग्नाच्या आठवड्यात विणला होता आणि नंतर पेटीच्या तळाशी घातला होता. उजव्या हाताचा या पाच दिवसांत विणला. नक्षी तीच आहे, काठाचा लाल दोराही तोच, पण पांढरी लोकर दुसऱ्या मेंढीची आहे, तेव्हा रंगात फरक दिसेल. अंगठा दोनदा उसवला. तुझ्या आईने भरलेलं ग्रीज शरदापर्यंत टिकेल असं तिचं म्हणणं आहे. आधी मोजे, मग बेअरिंग, असं ठरलं होतं. मोजे पाठवले आहेत.

तुझीच, तोंडाळ आणि उशीर केलेली,
हेल्मी